प्रकाशकाची शिक्षा : पुणे-मुंबई ते मनामा

करीम फख्रावी हे बहरीनमधले पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक. मनामात त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं, आणि 2002 साली सुरू झालेल्या ‘अल-वसत’ या दैनिकाच्या संस्थापकांपैकी ते एक होते. 3 एप्रिल 2011 रोजी ते आपल्या नात्यातल्या घरावर पडलेल्या धाडीबद्दल तक्रार करायला पोलीस ठाण्यात गेले. तिथून ते घरी परतले नाहीत. 12 एप्रिलला त्यांच्या मृत्यूची बातमी आली. मूत्रपिंड निकामी झाल्याने मृत्यू, असं सरकारने सांगितलं. दफनाच्या वेळी लोकांनी पाहिलेल्या अंगावरच्या खुणा मात्र वेगळंच सांगत होत्या. पुढे राजानेच नेमलेल्या, शरीफ बसियूनी यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाने नोव्हेंबर 2011 च्या अहवालात हा मृत्यू कोठडीतल्या छळामुळे झाल्याचा निष्कर्ष काढला. राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेच्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि अपिलात ती तीन वर्षांवर आली.

फख्रावी काही रोज अग्रलेख लिहिणारे संपादक नव्हते. त्यांनी भांडवल घातलं, पुस्तकं छापली आणि विकली. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना आपण लेखणीवर थांबतो, पण राज्यकर्ते फार पूर्वीपासून छापखान्यापाशी जाऊन उभे राहतात. लेखक लपू शकतो, टोपणनाव घेऊ शकतो, देश सोडू शकतो. प्रकाशकाकडे मात्र दुकान असतं, यंत्र असतं, कागदाचं देणं असतं, परवाना असतो. त्याला पकडणं सर्वांत सोपं आणि त्याला विसरणंही सर्वांत सोपं. हा लेख त्या माणसांबद्दल आहे.

मनामाच्या पश्चिम अंगाला नईम नावाची जुनी वस्ती आहे. एके काळी ती समुद्रालगत होती आणि लाकडी गलबतं बांधणाऱ्या सुतारांसाठी ओळखली जायची. त्यांना लागणारं सागवान मलबारहून येई. समुद्रात भर घालत शहर पुढे सरकलं आणि किनारा नईमपासून दूर गेला. या वस्तीच्या जवळच मोत्याचा चौक होता. फेब्रुवारी 2011 मध्ये सरकारविरोधी निदर्शनांसाठी हजारो लोक तिथे जमले. 15 मार्चला आणीबाणी जाहीर झाली आणि 18 मार्चला चौकातलं स्मारकच पाडण्यात आलं. त्या स्मारकाचं चित्र असलेलं 500 फिल्सचं नाणंही चलनातून काढून घेतलं गेलं. नाण्यावरचं चित्रसुद्धा नको, इथवर ज्या व्यवस्थेची मजल गेली, ती रोज सकाळी घरोघरी जाणारं वर्तमानपत्र कसं सहन करणार होती?

‘अल-वसत’चं वेगळेपण समजायला एक गोष्ट पुरेशी आहे. देशातल्या सात दैनिकांपैकी सहा सरकारच्या बाजूची होती, असं बसियूनी आयोगानेच नोंदवलं आहे. सातवं म्हणजे हेच. संपादक मन्सूर अल-जमरी हे 1990 च्या दशकातल्या आंदोलनाचे नेते शेख अब्दुल अमीर अल-जमरी यांचे पुत्र. लंडनच्या विजनवासातून ते सुधारणांच्या काळात परतले आणि 7 सप्टेंबर 2002 रोजी पहिला अंक निघाला. मार्च 2011 मध्ये छापखान्यावर जमावाने हल्ला केला. त्या धामधुमीत अंक काढताना ई-मेलने आलेल्या काही बनावट बातम्या छापल्या गेल्या. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारी दूरचित्रवाणीवर पत्राविरुद्ध कार्यक्रम झाला आणि 3 एप्रिलला अंक निघालाच नाही. फख्रावी बेपत्ता झाले तो हाच दिवस. अल-जमरी, कार्यकारी संपादक वलीद नुवेहिद आणि स्थानिक बातम्यांचे प्रमुख अकील मिर्झा यांना बाजूला व्हावं लागलं. दोन इराकी पत्रकारांना देशाबाहेर काढण्यात आलं. त्या बातम्या एकाच ठिकाणाहून पत्राला अडकवण्यासाठी पेरल्या होत्या, असं अल-जमरी यांनी सांगितलं. तरीही न्यायालयाने संपादकांना प्रत्येकी एक हजार दिनार दंड ठोठावला. ऑगस्टमध्ये संचालक मंडळाने अल-जमरींना पुन्हा त्यांच्या खुर्चीत बसवलं. ते संचालक मंडळ म्हणजेही प्रकाशकच, आणि त्या वेळी हा निर्णय घेणं साधं काम नव्हतं.

दोन इराकींच्या हकालपट्टीपाशी मला थांबावंसं वाटतं. आखातातल्या वर्तमानपत्रांत, छापखान्यांत आणि वितरणात परदेशी माणसं मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांत भारतीय भरपूर. त्यांचं पोट निवासाच्या परवान्यावर टांगलेलं असतं. एका बातमीसाठी तो परवाना जाणार असेल तर त्यांनी काय करावं, हे पुण्या-मुंबईत बसून सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. बहरीनमधली मराठी माणसं गणपती बसवतात, नाटकं करतात, दिवाळी अंक मागवून वाचतात, पण तिथल्या राजकारणावर बोलत नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. ज्याला दंड करण्याऐवजी विमानात बसवून देता येतं, अशा माणसाला कायद्याचं संरक्षण जवळजवळ नसतंच.

आता या गोष्टीचा मुंबईशी काय संबंध, ते पाहू. आखातातल्या ब्रिटिश रेसिडेंटचा कारभार 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, नंतर तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. 1913 च्या बहरीनविषयक राजाज्ञेने तिथल्या ब्रिटिश प्रजाजनांवर आणि परकीयांवर हिंदुस्थानातले कायदे लागू केले, त्यांत भारतीय दंडसंहिताही आली. अपील चालायचं मुंबई उच्च न्यायालयात. बाजारात रुपया चालत असे आणि बहरीनचा स्वतःचा दिनार 1965 मध्ये आला. ज्या कारभाराने पुण्याच्या ‘केसरी’वर खटला भरला, त्याच कारभाराची एक शाखा मनामात होती.

मुंबईहून फक्त कायदाच गेला नाही, छपाईही गेली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शिळाछापखान्यांतून अरबी-फारसी पुस्तकं निघत आणि गलबतांतून आखातात उतरत. कुवेतमध्ये जन्मलेला कवी खालिद अल-फरज मुंबईत व्यापाऱ्याकडे कारकून होता. इथेच त्याने अरबी छापखाना काढला आणि पुढे बहरीनमध्ये जाऊन शिक्षक झाला. 1923 मध्ये ब्रिटिशांच्या हस्तक्षेपाविरुद्ध मागण्या मांडणारे अब्दुल वहाब अल-झयानी यांना हद्दपार करून मुंबईलाच पाठवण्यात आलं आणि दोन वर्षांनी तिथेच त्यांचा अंत झाला. मोत्यांचे व्यापारी, छापखाने आणि हद्दपार झालेली माणसं एकाच बंदरात राहत होती. मुंबईच्या इतिहासात हे प्रकरण अजून नीट लिहिलं गेलेलं नाही, ही खंत आहे.

बहरीनचं पहिलं वर्तमानपत्र काढलं ते अब्दुल्ला अल-झायद या मोत्यांच्या व्यापाऱ्याने. आधी छापखाना आणला आणि मग 1939 मध्ये ‘जरीदत अल-बहरीन’ हे साप्ताहिक सुरू केलं. महायुद्धाच्या काळात ते दोस्तांच्या बाजूने लिहीत असे, तरी 1944 मध्ये बंद पडलं, आणि पुढच्याच वर्षी अल-झायद वारले. मुहर्रकमधल्या त्यांच्या घरात आज वृत्तपत्रांच्या वारशाचं संग्रहालय आहे.

खरी ठिणगी पडली ती 1950 मध्ये ‘सौत अल-बहरीन’ या मासिकाने. हे मासिक एका गटाने चालवलं, आणि त्या गटात शिया होते तसेच सुन्नीही होते. अब्दुल रहमान अल-बाकिर, अब्दुल अझीझ अल-शमलान, महमूद अल-मर्दी, हसन अल-जिशी ही त्यातली नावं. मासिक बंद पडलं, पण त्याभोवती जमलेली माणसं विखुरली नाहीत. 1953 आणि 54 च्या पंथीय दंगलींनंतर दोन्ही पंथांच्या आठ जणांची समिती उभी राहिली. तिने निवडून आलेली परिषद, लिखित कायदा आणि कामगार संघटना मागितली. ‘अल-काफिला’, ‘अल-वतन’, ‘अल-मीझान’ ही पत्रं त्याच काळातली. एक मासिक दोन पंथांच्या माणसांना एका टेबलाशी बसवतं आणि त्यातून देशव्यापी चळवळ निघते. मासिकं चालवणाऱ्यांना यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुणी देऊ शकणार नाही.

नोव्हेंबर 1956 मध्ये सुवेझवरच्या हल्ल्याविरुद्ध बहरीनमध्ये मोर्चे निघाले आणि सरकारला निमित्त मिळालं. पत्रं बंद झाली, नेते पकडले गेले. खास न्यायालयाने अल-बाकिर, अल-शमलान आणि अब्दुल अली अल-अलैवात यांना चौदा वर्षांची शिक्षा दिली. ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना नेपोलियनच्या सेंट हेलेना बेटावर नेलं. 1961 मध्ये त्याच बेटावरच्या न्यायालयाने त्यांची कैद बेकायदा ठरवली आणि ते सुटले. अल-बाकिर यांनी ‘बहरीनहून विजनवासाकडे’ या अर्थाच्या नावाने आपली हकीकत लिहिली. अल-मर्दी मात्र पुन्हा कागदाकडे वळले. 1965 मध्ये त्यांनी ‘अल-अदवा’ साप्ताहिक आणि 1976 मध्ये ‘अखबार अल-खलीज’ दैनिक काढलं. एका माणसाच्या आयुष्यात इतक्या वेळा पत्र बुडावं आणि त्याने पुन्हा शाई मागवावी, याबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

मराठी वाचकाला यातलं काहीही अनोळखी वाटू नये. 1867 च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव घालणं सक्तीचं केलं. कोणाला पकडायचं हे सरकारला त्या ओळीवरून कळे. 1897 चा राजद्रोहाचा खटला आपल्याला टिळकांचा म्हणून ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात ‘केसरी’चे मुद्रक केशव महादेव बाळ हेही उभे होते. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, बाळ सुटले, आणि मग आपल्या स्मरणातूनही सुटले. 1908 मध्ये टिळकांची रवानगी मंडालेला झाली, त्याच वर्षी ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. ती भोगून ते बाहेर आले, पण 1910 च्या कायद्याखाली मागितलेल्या जामिनाच्या रकमेने ‘काळ’ संपला. संपादकाला तुरुंगात घालून जे जमलं नव्हतं, ते अनामत रकमेने जमलं.

सगळ्यांत कठोर उदाहरण नाशिकचं आहे. बाबाराव सावरकरांनी कवी गोविंदांच्या कविता असलेली छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. 1909 मध्ये त्यासाठी त्यांना जन्मठेप आणि काळं पाणी झालं. कविता दुसऱ्याच्या होत्या, आणि अंदमानात कोलू ओढला तो प्रकाशकाने. त्या घराण्याच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, एका पुस्तिकेसाठी जन्मठेप हा अन्याय होता, असं म्हणायला कचरू नये.

स्वातंत्र्यानंतर हत्यारं बदलली नाहीत. आणीबाणीत ‘साधना’चे अंक जप्त झाले आणि ‘साधना’ने न्यायालयात दाद मागितली. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’चा मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा फेब्रुवारी 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नेमस्त विरोध करणं हा नागरिकाचा हक्क आहे, हे त्या काळोखातही मुंबईच्या न्यायमूर्तींनी सांगितलं. एके काळी बहरीनची अपिलं ऐकणारं न्यायालय हेच. बहरीनच्या संपादकांना 2011 मध्ये असं न्यायालय मिळालं नाही, हा दोन देशांतला खरा फरक आहे. तो जपायचा असेल तर आपल्याकडे काय चाललं आहे याकडे डोळेझाक करून चालणार नाही. ‘शिवाजी कोण होता?’ लिहिणारे गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात 16 फेब्रुवारी 2015 रोजी गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यांचं ते पुस्तक छापत राहिलेल्या, स्वस्त किमतीत गावोगाव पोचवत राहिलेल्या लोकवाङ्मय गृहासारख्या प्रकाशनाचं मोल त्यानंतर तरी आपल्या लक्षात यायला हवं होतं. राजद्रोहाचं 124 अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्थगित केलं. नव्या न्यायसंहितेत 152 वं कलम आलं, आणि त्याची भाषा वाचली की जुन्या कलमाची सावली स्पष्ट दिसते.

बहरीनमध्ये शेवटचा घाव 2017 मध्ये पडला. मोरोक्कोतल्या निदर्शनांवरच्या एका लेखाचं निमित्त करून 4 जूनला ‘अल-वसत’वर बेमुदत बंदी आली. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही, फक्त अंक निघायचा नाही. पगार द्यायला पैसा कुठून येणार? त्याच महिन्याच्या 24 तारखेला कंपनीने सुमारे 160 कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं. दैनिक बुडवायला तीन आठवडे पुरले. पत्रकार नझीहा सईद यांना 2011 मध्ये कोठडीत मारहाण झाली, ज्या महिला पोलीस अधिकाऱ्यावर आरोप होता ती सुटली, आणि 2017 मध्ये परवान्याशिवाय काम केल्याबद्दल दंड झाला तो नझीहा यांनाच. छायाचित्रकार अहमद हुमैदान यांना 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

नईमच्या आसपासच्या घरांत आज जी दैनिकं येतात त्यांत ‘अल-वसत’ नाही. आपल्याकडे छोटी साप्ताहिकं, मासिकं, जिल्ह्याची पत्रं अजून निघतात, बहुतेक तोट्यात. त्यांच्यावर बंदी घालायची गरजच पडत नाही. जाहिरात थांबवली आणि वर्गणीदार कमी झाले की ती आपोआप संपतात. म्हणून वाचकांना विनंती आहे : तुम्हाला पटणाऱ्या आणि न पटणाऱ्याही एखाद्या छोट्या नियतकालिकाची वर्षाची वर्गणी या दिवाळीत भरा, आणि ती आगाऊ भरा.