प्लगच्या पलीकडे

डिसेंबर लागला की सांडोर गावच्या आळ्यांत नाताळच्या गोठ्यांची लगबग सुरू होते. बांबू आणि सुकं गवत एवढ्यावर आता कोणाचं भागत नाही. झरा वाहता ठेवायला पंप लागतो, पाणचक्की फिरवायला मोटर आणि वर लाइटच्या माळा. सामान घराघरांतून गोळा होतं: कोणाचं ड्रिल, कोणाची ग्लू गन, कोणाचं सोल्डरिंग आयर्न. हे सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि बोर्ड ओल्या मातीवर.

म्हणून एका हौशी गटाने आधी सामान तपासायचं ठरवलं. पण तपासायचं कोणी? भिंतीतल्या वायरिंगसाठी आपल्याकडे रीतसर सोय आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा तारतंत्री किंवा वीजतंत्री कोर्स आहे, परवाने आहेत, विद्युत निरीक्षक आहे. ही सगळी साखळी सॉकेटपाशी संपते. पुढच्या ड्रिलला कोणी वाली नाही. इंग्लंडमध्ये नेमक्या याच कामाचा छोटा कोर्स असतो. तिथल्या १९८९च्या वीजसुरक्षेच्या नियमांत दरवर्षी तपासणी करा असं कुठेही म्हटलेलं नाही. साधन सुरक्षित ठेवा आणि तपासणारा माणूस त्या कामाला सक्षम असू द्या, एवढीच अपेक्षा. तिकडचे हौशी गट बहुधा आपल्यातल्याच एकाला शिकवून घेतात.

सांडोरच्या पोरांनी मग वायरमन काकांना धरलं. काकांनी पहिला तास मीटरला हातच लावू दिला नाही. ‘आधी डोळे,’ म्हणाले. ड्रिलचा प्लग उघडायला लावला. बाहेरचं जाड आवरण क्लॅम्पमध्ये दाबलेलं हवं. इथे ते मागे सरकलं होतं आणि सगळा ताण आतल्या बारीक तारांवर येत होता. हिरवी तार बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब सोडायची, म्हणजे केबल ओढली गेलीच तर अर्थिंग सर्वांत शेवटी तुटेल. इथे नेमकी तीच आखूड होती. पिनांवर हिरवट कळंक. समुद्राची खारी हवा पितळेला सोडत नाही. निम्मं सामान या नजरेतच नापास झालं. माझ्या मते या विद्येचा खरा गाभा इथेच आहे, मीटर नंतर.

मग अर्थिंग. प्लगच्या जाड पिनेपासून साधनाच्या धातूच्या अंगापर्यंत रोध मोजायचा. तो ओहमच्या अगदी छोट्या अंशात यायला हवा. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, कारण तो इतका कमी प्रवाह सोडतो की तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी काटा खूश. त्यानंतर मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र: ५०० व्होल्ट डीसी, फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्यात आणि धातूच्या अंगात. एक मेगाओहमच्या खाली आलं तर बाजूला. साधनाचं बटण चालू ठेवायचं, नाहीतर मोजमाप बटणापाशीच अडतं आणि आतलं तपासलंच जात नाही. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दुहेरी इन्सुलेशन. त्याला अर्थिंग नसतंच, पण तिथे किमान दोन मेगाओहम हवेत.

सोल्डरिंग आयर्नचं इन्सुलेशन कमी आलं तेव्हा एकाने ते भंगारात टाकायला उचललं. काकांनी थांबवलं. तापणाऱ्या एलिमेंटमधली पांढरी पूड पावसाळाभर पडून राहिली की दमट होते. गरम करून पुन्हा मोजायचं. पंपाला मात्र बादलीत बुडवूनच मेगर लावला. कोरडा पास झाला म्हणून काय उपयोग?

सर्वांत मोठा वाद गल्फहून आलेल्या टेबल लॅम्पवरून झाला. चौकोनी पिनांचा प्लग, आत १३ अँपियरचा फ्यूज. तिथला फ्यूज केबल वाचवायला असतो, आणि एवढ्या बारीक केबलला तीन अँपियर पुरे. शिवाय आपल्या सॉकेटसाठी लावलेल्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थची पिन नुसती शोभेची. आत ती कशालाच जोडलेली नव्हती. ज्यांचा लॅम्प ते काका म्हणाले, ‘मुलाने आणलाय, वर्षानुवर्षं चालतोय.’

वायरमन काकांनी कटर घेतला आणि प्लगसकट चौकोनी पिना कापून टाकल्या. नापास वस्तूचा प्लग कापायचाच, नाहीतर संध्याकाळी कोणीतरी ती पुन्हा लावतो. लॅम्पला तीन पिनांचा भारतीय प्लग बसवून, पुन्हा मोजून, तारीख आणि आद्याक्षरं लिहिलेली चिकटपट्टी लावायचं ठरलं. बोर्डाच्या आधी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवायचा, तो खर्च वर्गणीतून. ग्लू गन मात्र गेली. तिचं अंग तडकलेलं होतं आणि त्यावर इलाज नव्हता.