रसायनशास्त्राच्या मेळ्यात आपली लेकरं कधी दिसणार?

समाजबांधवहो, दीक्षाभूमीला आपण दरवर्षी जातो. जानेवारी २०२३ मध्ये मात्र जामखेडहून आम्ही चार कार्यकर्ते नागपूरला गेलो ते भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०८ व्या अधिवेशनाला.

ही काँग्रेस १९१४ साली कलकत्त्यात सुरू झाली. कल्पना सायमनसेन आणि मॅकमहॉन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांची. पहिल्या बैठकीला १०५ शास्त्रज्ञ जमले, ३५ निबंध वाचले गेले. नागपुरात आम्ही रसायनशास्त्राच्या विभागात बसलो. भाषणे इंग्रजीत, पडद्यावरची सूत्रे आम्हा वाणिज्य शाखेवाल्यांच्या डोक्यावरून गेली. पण एक रीत मनात भरली. कुणी काही मांडले की प्रश्न येतोच : पुरावा काय?

तथागतांनी कालामांना हेच सांगितले. ग्रंथात आहे, परंपरा आहे, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. हा नियम काँग्रेसलाही लागू आहे. २०१५ च्या मुंबई अधिवेशनात प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. पुढे २०१६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेले वेंकटरामन रामकृष्णन यांनी या अधिवेशनाला सर्कस म्हटले.

रसायनशास्त्र आपल्याला परके नाही. १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्र घालून तळे 'शुद्ध' केले. शाळेतल्या परीक्षानळीनेही सांगितले असते, पाणी कुणी घाण केले ते!

आपल्या जामखेडचेच पाहा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या निरक्षर, दलित बाया आरोग्यसेविका झाल्या. जुलाबाने सुकलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला त्यांनी आयांना शिकवले. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखरेच्या जोडीने मीठ आतड्यात शोषले जाते, त्यामागून पाणी अंगात मुरते. हे रसायनशास्त्रच आहे. समजेल अशा बोलीत सांगितले, म्हणून ते झोपडीपर्यंत पोचले.

नागपूरचे अधिवेशन ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीदिनी सुरू झाले. महिला सक्षमीकरण हा त्याच्या मुख्य विषयाचा भाग होता. आणि आपण? दहावीला चांगले गुण मिळवलेल्या लेकीला 'सायन्सचा खर्च झेपायचा नाही' म्हणून दुसरीकडे वळवतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नवबौद्धांनाही आहे. पुढे पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. अर्ज कसा भरायचा हे कळत नसेल, तर शिकलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन भरून द्यावा. आम्हा कारकुनांचे हे रोजचेच काम आहे.

२०२४ साठी ठरलेले अधिवेशन झालेच नाही. पण रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर मुलांना लिंबू, हळद, साबण घेऊन प्रयोग दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. हळदीला साबण लागला की ती लाल का होते, हे आधी पोरांनाच विचारा. उत्तर शोधणारी लेक उद्या त्या व्यासपीठावर उभी राहील.

जयभीम!