सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक उपकरणे : पदार्थनिवडीचा विचार

सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडमध्ये धन व ऋण प्रभारांच्या संयोगातून उत्तेजित रेणू निर्माण होतात. त्यांपैकी सुमारे २५ टक्के सिंग्लेट, तर ७५ टक्के ट्रिप्लेट अवस्थेत असतात. १९८७ साली टँग व व्हॅन स्लाइक यांनी वापरलेले ॲल्युमिनियमचे संयुग पहिल्या गटातूनच प्रकाश देते. उर्वरित ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते. इरिडियमची संयुगे दोन्ही गट उपयोगात आणतात, परंतु हा धातू अतिदुर्मीळ. नागपूर विद्यापीठात अभ्यासली गेलेली युरोपियमची संयुगे म्हणूनच लक्षणीय वाटतात. त्यांत सेंद्रिय घटक ऊर्जा ग्रहण करून धातूच्या आयनास देतो व सुमारे ६१२ नॅनोमीटरचा शुद्ध लाल प्रकाश मिळतो. कोल्हापूरसारख्या पावसाळी हवेत मात्र बाष्प आत शिरल्यास कॅथोडचे ऑक्सिडीकरण होऊन काळे डाग पडतात. त्यामुळे आवरणाचा पदार्थही तितक्याच काळजीने निवडावा लागतो.