हा शायर गझल म्हणत नाही

शायर म्हटलं की आपल्याला मैफल आठवते. इंग्लंडमधल्या शेतकऱ्याला आठवतो टनभर वजनाचा घोडा! लेस्टरशर, डर्बीशर, स्टॅफर्डशर अशा शेपटाला 'शर' (सुटा म्हटला की 'शायर') लावणाऱ्या परगण्यांतला, म्हणून हा शायर. 1878 मध्ये त्याच्या वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था निघाली, तेव्हा तिच्या नावात तो नुसता 'गाडीचा घोडा' होता. 1884 मध्ये त्याला शायर हे भारदस्त नाव मिळालं.

घोड्याची उंची इंग्रज हातांत मोजतात. हा हात आपला कोपरापासूनचा नव्हे. आडव्या पंजाची रुंदी, म्हणजे 4 इंच. मोजायचं जमिनीपासून खांद्यापर्यंत, मान-डोकं हिशेबात नाही. राजा आठव्या हेन्रीला थोराड घोड्यांचं एवढं वेड, की 15 हातांपेक्षा बुटका नर गायरानात सोडायलाच त्याने अनेक परगण्यांत बंदी घातली. पूर्ण वाढलेला शायर सहज 17 हात भरतो.

आणि सॅम्सन? 1846 मध्ये बेडफर्डशरमध्ये जन्मलेलं हे शिंगरू चार वर्षांत 21 हातांच्या वर गेलं. आपल्या फ्लॅटच्या दाराची चौकट साधारण 7 फूट. सॅम्सनचा नुसता खांदाच 7 फूट 2 इंच! वजन 1,524 किलो, म्हणजे दोन मारुती 800 हून जास्त. पुढे त्याचं नावच बदलून 'मॅमथ' ठेवलं. दुसरं काय ठेवणार?

आता ताकद. विहिरीवर 5 एचपीची मोटर बसवणाऱ्याला वाटतं, पाच घोडे जुंपले. तो हिशेब जेम्स वॅटचा, आपली वाफेची इंजिनं खपवण्यासाठी मांडलेला आणि दिवसभराच्या संथ कामाचा. क्षणभर जोर लावायचा तर एकच घोडा 15 एचपीच्या जवळ जातो. 1924 मध्ये वेम्बलीच्या प्रदर्शनात शायरच्या जोडीने ओढ मोजणाऱ्या यंत्राची हद्दच ओलांडली. निसरड्या फरसबंदीवर एकामागे एक जुंपलेल्या त्याच जोडीने साडेअठरा टन हलवले. मागच्याने गाडी हलवली तेव्हा पुढच्याचा साज ताणलासुद्धा नव्हता, असं सांगतात.

सगळा नखरा मात्र पायांत. गुडघ्याखाली रेशमी केसांची झालर, दिसायला झकास, सांभाळायला डोकेदुखी. चिखल अडकतो, ओल राहते, कातडी बिघडते. प्रदर्शनाआधी पाय धुऊन त्या केसांत लाकडाचा भुसा भरायचा, वाळला की झटकायचा. नुसत्या खराऱ्याने भागत नाही.

ब्रिटिश राजघराण्याच्या घोडदळात नगारे वाहायला शायर किंवा त्याचा भाऊबंद क्लाइड्सडेल असतो. नगारजीचे दोन्ही हात टिपऱ्यांत गुंतलेले, म्हणून लगाम पायांना जोडलेला. ढणढणाट चालू असताना शांत उभं राहणं हीच खरी नोकरी, आणि माझ्या मते ओझं ओढण्यापेक्षा हे अवघड.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला आणि 1960 च्या दशकापर्यंत लाखोंचे काही हजार उरले. आज ब्रिटनमध्ये शायरची गणना दुर्मीळ जातींत होते. यॉर्कशरमधल्या टॅडकॅस्टरची जुनी बिअर कंपनी मात्र गावातल्या पबांत पिंपं पोचवायला अजून करड्या शायरांचीच गाडी जुंपते.