सर्वश्रेष्ठ फुटबॉल संघ कोणता? मोजायचे कसे?

साध्या दोलकाचा प्रयोग चालू असला, की प्रयोगशाळेत गप्पांना ऊत येतो. वीस आंदोलने मोजायला एकजण पुरतो, बाकीचे तिघे मोकळेच असतात. अशाच एका दुपारी चार विद्यार्थ्यांचा वाद हमरीतुमरीवर आला. आजवरचा सर्वश्रेष्ठ फुटबॉल संघ कोणता? एकाचे म्हणणे १९७० चा ब्राझील, दुसऱ्याचे २०१० चा स्पेन, तिसऱ्याचे २०२२ चा अर्जेंटिना, कारण तो त्याने स्वतः पाहिला होता! चौथा हुशार. तो म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा." मी विचारले, "सांगतो, पण कोणत्या पट्टीने मोजू?" पट्टीचा विचार कोणीच केलेला नव्हता.

पहिली पट्टी सर्वांना सुचते ती विश्वचषकाची. ज्याने चषक जिंकला तो श्रेष्ठ. ही पट्टी कितपत भरवशाची आहे, हे पाहण्यासाठी एक प्रयोग करा. साहित्य म्हणून लुडोचा एक फासा पुरेसा आहे. 'अ' संघाने फासा १२ वेळा टाकावा, 'ब' संघाने ६ वेळा. सहा पडले की एक गोल. म्हणजे 'अ' संघाचे सरासरी दोन गोल होतील, 'ब' चा एक. 'अ' हा 'ब' च्या दुप्पट बलवान आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, कारण तो आपणच तसा बनवला आहे. आता असे शंभर सामने खेळा. संभाव्यतेच्या गणिताने उत्तर काढले तर 'अ' सुमारे ६२ सामने जिंकतो, २१-२२ बरोबरीत सुटतात, आणि १६-१७ सामने चक्क 'ब' जिंकतो. दुप्पट बलवान संघ हरण्याची शक्यता एका फाशावर सहा पडण्याइतकी आहे! फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात, आणि मोजलेल्या घटना जितक्या थोड्या तितका योगायोगाचा वाटा मोठा. किरणोत्सारी पदार्थातून बाहेर पडणारे कण मोजताना आम्हां भौतिकीच्या लोकांना हाच अनुभव येतो. दहा सेकंदांच्या मोजणीवर कोणी निष्कर्ष काढत नाही. अंतिम सामना ही अशीच एक अल्पशी मोजणी आहे.

मग अनेक सामने एकत्र साखळीने जोडले तर? 'क' ने 'ख' ला हरवले, 'ख' ने 'ग' ला, म्हणून 'क' हा 'ग' पेक्षा श्रेष्ठ. आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हंगेरीने युगोस्लाव्हियाला २-० असे हरवले. बेरीज केली तर हंगेरी भारतापेक्षा ११ गोलांनी सरस ठरतो. पण चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात हाच भारत त्याच युगोस्लाव्हियाकडून हरला तो १-४ असा. साखळीची एकच कडी, पण एकदा तिची लांबी नऊ भरली, एकदा तीन! जमिनीची उंची मोजणारे सर्वेक्षक टप्प्याटप्प्याने समुद्रापासून डोंगरापर्यंत जातात. प्रत्येक टप्प्यावर चूक थोडी असेल तरच त्या बेरजेला अर्थ. येथे एकेका टप्प्याची चूक मूळ मापाएवढीच मोठी आहे.

या अडचणीतून वाट काढली ती एका भौतिकीच्या प्राध्यापकाने. आर्पाद एलो यांचा जन्म १९०३ साली हंगेरीत झाला. लहानपणीच ते अमेरिकेत गेले आणि पुढे मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात भौतिकी शिकवू लागले. ते उत्तम बुद्धिबळपटूही होते. खेळाडूंचे बळ मोजण्याची त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. बुद्धिबळ खेळणाऱ्या वाचकांना 'एलो गुण' हा शब्द परिचयाचा असेल. तो एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते.

पद्धतीचे सार असे. प्रत्येक संघाला एक आकडा द्यायचा. दोन संघांच्या आकड्यांतील फरकावरून सामन्याचा अपेक्षित निकाल काढायचा. विजयाला १, बरोबरीला अर्धा, पराभवाला ० असे धरले, तर फरक शून्य असताना अपेक्षा ०.५, फरक १०० असताना बलवान संघाची अपेक्षा ०.६४, २०० असताना ०.७६ आणि ४०० असताना ०.९१ येते. सामना झाल्यावर प्रत्यक्ष निकालातून अपेक्षा वजा करायची आणि त्या बाकीला एका ठरीव संख्येने गुणून ते गुण जुन्या आकड्यात मिळवायचे. समजा, ही ठरीव संख्या ६० आहे. २००० गुणांचा संघ १८०० च्या संघाशी खेळतो. तो जिंकला तर १ वजा ०.७६ म्हणजे ०.२४, गुणिले ६०, म्हणजे त्याला १४.४ गुण मिळतील. हरला तर ४५.६ गुण जातील. नुसती बरोबरी झाली तरी १५.६ गुणांची खोट! दुबळ्याला हरवून फारसे मिळत नाही, त्याच्याकडून हरलो तर मात्र बरेच जाते. हा न्याय मला फार आवडतो.

ती ठरीव संख्या म्हणजे गॅल्व्हानोमीटरच्या काट्याच्या चपळपणासारखी आहे. मोठी घेतली तर काटा प्रत्येक सामन्यागणिक थरथरेल, लहान घेतली तर संघ बदलला तरी काटा जागचा हलणार नाही. फुटबॉलसाठी बॉब रनयान यांनी १९९७ मध्ये ही पद्धत वापरली, तेव्हा विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेतील सामन्यांना ६० आणि मैत्रीपूर्ण सामन्यांना २० अशी संख्या घेतली. गोलांचा फरक मोठा असेल तर गुण वाढतात, आणि यजमान संघाचे बळ सामन्यापुरते १०० गुणांनी अधिक धरले जाते. हे गणित १८७२ साली इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यापासून पुढे चालवता येते.

तसे चालवले तर वर कोण येतो? हंगेरी, १९५४. अनेक दशके त्या कोष्टकातील सर्वांत वरचा आकडा या संघाच्या नावावर होता. आणि तो कोणत्या दिवशीचा? ३० जून १९५४ चा. त्या दिवशी हंगेरीने उपांत्य सामन्यात उरुग्वेला ४-२ असे हरवले. चारच दिवसांनी, ४ जुलैला, बर्न येथील अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असे हरवून चषक नेला. विशेष म्हणजे, दोनच आठवड्यांपूर्वी बाझेल येथे याच पश्चिम जर्मनीला हंगेरीने ८-३ असे धुतले होते. जर्मन प्रशिक्षकाने त्या दिवशी आपले काही मुख्य खेळाडू बाहेर ठेवले होते, हे खरे. पण त्याच सामन्यात हंगेरीचा कर्णधार पुश्काश जायबंदी झाला आणि अंतिम सामना तो पुरता बरा नसताना खेळला. बदली खेळाडू घेण्याची मुभा विश्वचषकात आली ती १९७० मध्ये.

हे ऐकल्यावर आमचा चौथा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे प्रश्न सुटला. हंगेरी पहिला!" येथे त्याला थांबवणे भाग पडले.

विद्युत विभव तुम्ही शिकला आहात. एका बिंदूचे विभव इतके असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात मोजता येते ते दोन बिंदूंमधील विभवांतर. एका टेबलावर एक घट आहे, दुसऱ्या टेबलावर दुसरा, आणि दोघांना जोडणारी तार नाही. यातील कोणाचा धनाग्र अधिक उच्च विभवावर आहे, या प्रश्नाला काही अर्थ नाही. एलो गुण तसेच आहेत. त्यांतील फरकाला अर्थ आहे, आणि तोही जे एकमेकांशी खेळतात त्यांच्यापुरता. १९५४ चा हंगेरी आणि १९७० चा ब्राझील यांच्यात तार आहे ती फक्त देशांच्या नावांची. १९५४ च्या ब्राझीलचे गुण १९७० च्या ब्राझीलपर्यंत वारशाने पोचतात, खेळाडू मात्र सगळे निराळे.

दुसरी गोष्ट. एका सामन्यात विजेत्याला जेवढे गुण मिळतात तेवढेच पराभूताचे जातात. एकूण बेरीज अक्षय्य राहते, ऊर्जेसारखी. पण नवे देश खेळात येतात ते स्वतःचे गुण घेऊन, आणि पुढे ते गुण इतरांना वाटतात. त्यामुळे सगळी पातळीच वर किंवा खाली सरकू शकते. आज सामनेही पूर्वीपेक्षा पुष्कळ होतात. एलो यांना स्वतःला याची पुरेपूर जाणीव होती. पाण्यावर वरखाली होणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्याची उपमा त्यांनीच आपल्या पद्धतीला दिली होती. आपल्या उपकरणाची चूक इतक्या मोकळेपणाने सांगणारा संशोधक विरळा.

तेव्हा प्रश्न थोडा बदलावा लागतो. कोणता संघ आपल्या काळातील इतरांपेक्षा सर्वांत पुढे होता? हे मोजता येते. १९५४ च्या स्पर्धेत हंगेरीने ५ सामन्यांत २७ गोल केले, सामन्याला ५.४. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्या स्पर्धेत सगळीकडेच गोलांचा पाऊस होता. २६ सामन्यांत १४० गोल, म्हणजे एका संघाचे सामन्याला सरासरी २.६९. हंगेरी सरासरीच्या दुप्पट. १९७० मध्ये ब्राझीलने ६ सामन्यांत १९ गोल केले, आणि ३२ सामन्यांत एकूण ९५ गोल झाले. भागाकार केला तर ब्राझील सरासरीच्या २.१३ पट येतो. हंगेरीपेक्षा किंचित पुढेच! २०१० च्या स्पेनचे काय? ७ सामन्यांत ८ गोल. त्या स्पर्धेत ६४ सामन्यांत १४५ गोल झाले होते, म्हणजे स्पेन अगदी सरासरीइतका. स्पेनवाल्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. मग मी त्याला झालेले गोल मोजायला सांगितले. ७ सामन्यांत अवघे २, म्हणजे सरासरीच्या चौथा हिस्सा. हंगेरीवर झाले १०, ब्राझीलवर ७, म्हणजे दोघांच्याही बाबतीत सरासरीच्या सुमारे तीन चतुर्थांश. एका पट्टीने ब्राझील, दुसरीने स्पेन.

हा सगळा नुसता गप्पांचा विषय आहे असे मात्र समजू नका. विश्वचषकाचे गट पाडताना फुटबॉलची जागतिक संघटना फिफा क्रमवारीचा आधार घेते. २०१४ च्या स्पर्धेचा यजमान म्हणून ब्राझीलला पात्रता सामने खेळावे लागले नाहीत. जुन्या सूत्रात मैत्रीपूर्ण सामन्यांना फारच कमी वजन असल्याने जून २०१३ मध्ये तो २२ व्या क्रमांकावर घसरला! त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने विश्वविजेत्या स्पेनला ३-० असे हरवले. दोष ब्राझीलच्या खेळाचा नव्हता, पट्टीचा होता. २०१८ मध्ये फिफाने पुरुषांच्या क्रमवारीसाठी एलो यांच्या धर्तीचे सूत्र घेतले. महिलांच्या क्रमवारीला ते २००३ पासूनच होते.

घंटा झाली, तरी ते चौघे हलेनात. "सर, तुमचा संघ कोणता?" माझे उत्तर एका स्पर्धेवर नाही, मोठ्या मोजणीवर आहे. जून १९५० पासून फेब्रुवारी १९५६ पर्यंत हंगेरी ५० सामने खेळला. ४२ जिंकले, ७ बरोबरीत सुटले आणि एक हरला. तो एक कोणता, हे तुम्हाला आता माहीत आहे. माझे मत हंगेरीला.

"पण सर, चषक?" अर्जेंटिनावाला म्हणाला. मी खिशातला फासा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि दोलकाची वीस आंदोलने पुन्हा मोजायला सांगितली. वादाच्या भरात त्यांनी एकोणीसच मोजली होती.