अक्षरजुळणी कोडे

अक्षरजुळणी कोडे : एखाद्या शब्दातील अक्षरांचा क्रम विस्कटून ती वाचकापुढे मांडावयाची व त्यांवरून मूळ शब्द शोधावयास सांगावयाचे, असा शब्दखेळाचा एक प्रकार. वृत्तपत्रांच्या व मुलांच्या नियतकालिकांच्या पानांवर तो शब्दकोड्याच्या जोडीने आढळतो. चौकटींचे शब्दकोडे अर्थाच्या सूचनांवरून सोडवावे लागते. या प्रकारात मात्र सर्व अक्षरे समोर असतात; हरवलेला असतो तो केवळ त्यांचा क्रम. साहित्य पूर्ण असूनही शब्द दिसत नाही आणि एकदा दिसला की पुन्हा लपत नाही, यातच या खेळाची मौज आहे.

शब्द लपविण्याची हौस प्राचीन आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात दिलेल्या कलांच्या यादीत प्रहेलिकेचा समावेश आहे. दंडीने काव्यादर्शात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले असून त्यांपैकी व्युत्क्रांता या प्रकारात परस्परसंबद्ध पदे दूर दूर ठेवून वाचकास चकविले जाते. तेथे विस्कटतो तो पदांचा क्रम, अक्षरांचा नव्हे. यूरोपात अक्षरांच्या फेरमांडणीचा उपयोग गुप्ततेसाठीही झाला. गॅलिलीओने १६१० मध्ये शनीविषयीचे आपले निरीक्षण अशा विस्कटलेल्या अक्षरांत कळविले; केप्लरने ती जुळवून मंगळाला दोन उपग्रह असल्याचा भलताच अर्थ काढला. वृत्तपत्रीय शब्दकोड्याचा आरंभ आर्थर विन याने न्यूयॉर्क वर्ल्ड या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध केलेल्या कोड्यापासून मानतात. विस्कटलेल्या अक्षरांचे ‘जम्बल’ हे अमेरिकेतील प्रसिद्ध दैनिक कोडे मार्टिन नेडेल याने १९५४ मध्ये सुरू केले. त्यात आधी चार शब्द जुळवावयाचे व त्यांतील खुणा केलेल्या अक्षरांपासून व्यंगचित्राला साजेसे श्लेषयुक्त अंतिम उत्तर काढावयाचे असते.

मराठीतील एकक : रोमन लिपीत स्वर व व्यंजने स्वतंत्रपणे हलविता येतात. देवनागरीत मात्र सामान्यतः काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर हे एकक धरतात. त्यामुळे मराठी कोड्यात हलणारे घटक कमी असतात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या लगतच्या तालुक्यांतील नावे घेतली, तर हे स्पष्ट होते. ‘महाड’ या तीन अक्षरांच्या ६ मांडण्या होतात, ‘रायगड’च्या २४, ‘पोलादपूर’च्या १२०, तर ‘शिवथरघळ’ आणि ‘चवदार तळे’ या सहा अक्षरी नावांच्या प्रत्येकी ७२०. एखादे अक्षर दोनदा आल्यास ही संख्या घटते. ‘कडक’ची अक्षरे केवळ ३ प्रकारे मांडता येतात. कोडे अवघड करावयाचे झाल्यास मात्रा व वेलांट्या काढून केवळ व्यंजने देतात. तेव्हा सोडविणाऱ्यास क्रमाबरोबर स्वरही शोधावे लागतात.

सोडविण्याची रीत : सर्व मांडण्या एकेक करून तपासणे कंटाळवाणे असते व सहसा त्याची गरजही पडत नाही. भाषेची घडणच अनेक मांडण्या बाद करते. ‘ळ’ने मराठी शब्दाचा आरंभ होत नाही. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनुसार शब्दाच्या शेवटचे इकार व उकार दीर्घ लिहितात. म्हणून ऱ्हस्व वेलांटीचे अक्षर सहसा अखेरीस नसते. यामुळे ‘सावित्री’ या नदीनामातील ‘वि’ शेवटी येणार नाही व ‘शिवथरघळ’मधील ‘शि’ही येणार नाही. ‘ळ’ आरंभी नाही व ‘शि’ अंती नाही, एवढ्या दोन अटींनी ७२० मांडण्यांपैकी ५०४ उरतात. अकारान्त मराठी शब्दांतील उपान्त्य उकार दीर्घ असतो, हा नियम ‘पू’ व ‘र’ यांना शेजारी आणण्यास साहाय्य करतो. नेहमीचे शब्दांश ओळखणे त्याहून उपयुक्त असते. ‘पूर’ अखेरीस ठेवताच ‘पोलादपूर’च्या १२० मांडण्यांच्या ६ होतात, ‘गड’ वेगळा काढताच ‘रायगड’साठी केवळ २ उरतात. अशा रीतीने शुद्धलेखनाचे रूक्ष वाटणारे नियम येथे उपयोगी खुणा ठरतात.

ओळखीचे महत्त्व : मांडण्यांची संख्या हे मात्र काठिण्याचे खरे माप नव्हे. परिचित शब्दाची अक्षरे अपरिचित शब्दाच्या अक्षरांपेक्षा लवकर जुळतात, असे मानसशास्त्रीय प्रयोगांतही दिसून आले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेल्या सत्याग्रहामुळे महाडचे चवदार तळे देशभर परिचित आहे. ‘र, च, ळे, व, त, दा’ ही अक्षरे पाहून बहुतेक मराठी वाचकांना ते सुचते. मनात ७२० मांडण्या येतही नाहीत. याउलट ‘म, ठ, उ, र’ ही चारच अक्षरे घ्यावीत. स्वतंत्र ‘उ’ बहुधा शब्दाच्या आरंभी येतो, हे ध्यानी घेतल्यास ६ मांडण्या उरतात : उमरठ, उमठर, उरमठ, उरठम, उठमर, उठरम. सहाही सहज उच्चारता येतात. तानाजी मालुसरे यांचे स्मारक असलेले पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव ज्याला ठाऊक आहे, त्याला उत्तर तत्काळ मिळते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्या डोळ्यांसमोर बरोबर उत्तर येऊनही ते त्याला ओळखता येत नाही. कोडे जुळविताना शब्द नव्याने निर्माण होत नाही, तर ठाऊक असलेला शब्द आठवतो. केप्लरची चूकही याच जातीची होती. त्याच्या मनात जे होते तेच त्याला अक्षरांत दिसले.

कोडे रचणाऱ्यावर यामुळे दुहेरी जबाबदारी येते. उत्तर एकच असावे, ही पहिली. ‘द, ग, ड’ यांपासून ‘दगड’ व ‘गडद’ हे दोन्ही होतात, तसेच ‘क, म, ल’ यांपासून ‘कमल’ व ‘कलम’; अशा वेळी जोडीला अर्थाची सूचना द्यावी लागते. शब्द वाचकाच्या ओळखीचा असावा, ही दुसरी. केवळ मोठ्या शहरांतील वाचक डोळ्यांपुढे ठेवून शब्द निवडले, तर इतर प्रदेशांतील वाचकांजवळचे शब्द कोड्यात येतच नाहीत. गावे, नद्या, घाट, पिके व अवजारे यांची स्थानिक नावे घेऊन रचलेली कोडी शालेय मुलांना शुद्धलेखनाबरोबर परिसराचाही परिचय करून देऊ शकतात. छापील पानाप्रमाणेच अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही हा खेळ रूढ झाला आहे. तेथे उत्तर लगेच पाहता येते. छापील कोड्यात मात्र ते पुष्कळदा पुढील अंकात येते आणि तोवर न जुळलेला शब्द वाचकाच्या मनात घोळत राहतो.