राबणारा हात एक, सातबाऱ्यावर नाव दुसरं

पाडवा झाला की शेतकऱ्याच्या घरी नव्या सालाची मांडणी सुरू होते. औतं-अवजारं बाहेर निघतात, बी-भरणाचा हिशेब लागतो. पण घरात आणखी एक मांडणी वर्षभर चाललेली असते. कोणतं काम कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेलं, ही ती मांडणी. तिची नोंद मात्र कुठेच होत नाही.

मराठवाड्यातलं सहा एकर कोरडवाहूचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. घरच्या म्हाताऱ्यानं सत्तरी ओलांडलेली. कालपरवापर्यंत मृगाच्या पेरणीला चाड्यावर मूठ त्यांचीच असायची. आता पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते आणि आबा बांधावर उभं राहून तासं सरळ पडतात का तेवढं बघतात. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, तसा कडबा गेला. कडबा गेला तशी बैलजोडी गेली. पोळ्याला दावण रिकामी, म्हणून पूजा मातीच्या बैलांची. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा शहरात कंपनीत आहे. म्हशीचं दूध आणि त्याचा हिशेब सुनेकडे. दहावीतला नातू मोबाईलवर ई-पीक पाहणी भरतो.

हे शेवटचं काम बारकं वाटतं, पण ते तसं नाही. पूर्वी पीकपेरा तलाठी अण्णा लिहीत. २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्यानं स्वतः शिवारात जाऊन, पिकाचा फोटो काढून करायची आहे. म्हणजे घराचा पीकपेरा आता पोराच्या हातात आला. काम असं आजाकडून नातवाकडे आलं, सातबारा मात्र जागचा हलला नाही.

अडचण इथंच आहे. पीएम किसानचे वर्षाचे ६ हजार रुपये आबांच्या नावावर येतात. नांगर धरून धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा उठत नाही आणि बँकेत हेलपाटे पडतात. पीककर्जाला सही त्यांचीच लागते. "आबा, तालुक्याला चला," म्हटलं की आबा म्हणतात, "गुडघं चालू द्यात का?" आणि उद्या आबा नसले, तर वारसांची नोंद होईपर्यंत कर्ज, अनुदान, भरपाई सगळंच अडून राहतं. अशी मयतांच्या नावावरची खाती इतकी साचली, की २०२५ मध्ये शासनाला राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली.

जमीन तेवढीच, वाटेकरी वाढले

राज्यात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. आपल्या सहा एकरांच्या घरात दोन मुलगे आणि एक मुलगी धरली, तर प्रत्येकी दोन एकर, म्हणजे ८० गुंठे येतात. मुलीचं नाव गाळायची जुनी खोड आता चालणार नाही. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत हिंदू कुटुंबातल्या मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. बहिणीकडून हक्कसोड घ्यायचंच असेल, तर ते तिच्या राजीखुशीनं व्हावं.

मग करावं काय? सहहिस्सेदारांची सहमती असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून घेता येतं. स्वकष्टाच्या जमिनीचं मृत्युपत्र करता येतं. माणूस गेल्यावर वारसांनी ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, खबर द्यायची असते.

पण आबांनी सगळं देऊन मोकळं होऊ नये. मुलांना जमीन लिहून देताना ‘आम्हा उभयतांचा सांभाळ करावा’ ही अट कागदावर घालावी. अशी अट असून सांभाळ झाला नाही, तर ६० वर्षांवरील आई-वडिलांना २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा. आपली पोरं तशी नाहीत, हे खरंच असेल. मग अट घालण्यात त्यांनाही वाईट वाटायचं कारण नाही.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. मयत खातेदारांची यादी वाचून दाखवली, तरी अर्धं काम होतं.

तेराव्यानंतर कागद शोधत बसण्यापेक्षा भाऊबीजेचा मुहूर्त बरा. त्या दिवशी लेकी माहेरी असतात, शहरातला धाकटाही आलेला असतो. आई-आबांच्या समोर, सगळ्यांच्या कानावर घालून काय ते ठरवावं आणि दिवाळीची सुट्टी संपून कचेरी उघडली की अर्ज देऊन टाकावा.